नख नेमके कुठे बिघडते? घरच्या घरी पॉलिजेल

"पॉलिजेल लावल्याने नखे खराब होतात का?" नखे वाढवण्याची हौस असलेली प्रत्येक मुलगी हा प्रश्न कधी ना कधी विचारते, आणि तिला दोन टोकांची उत्तरे मिळतात. ज्यांनी एकदा लावून काढले त्या सांगतात, नखे पार पातळ झाली, वाकायला लागली, गरम पाण्यात हात घातला तरी चुणचुणतात. सामान विकणारे सांगतात, काही होत नाही, उलट नखांना बळकटी येते. दोन्ही उत्तरांत एकच गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे नखाचे बरेवाईट त्यावर बसलेल्या पदार्थामुळे ठरते. मला ते मान्य नाही. नीट घट्ट झालेले पॉलिजेल नखावर तीन आठवडे नुसते बसून राहिले तर नखाचे फारसे काही बिघडत नाही. नख आणि भोवतालची त्वचा बिघडते ती तीन वेळांना: लावण्याआधी घासताना, लावल्यानंतर ते पुरते घट्ट होईपर्यंत, आणि शेवटी काढताना. घरी करणारीचे लक्ष मात्र आकार, रंग आणि चमक यांवर असते, आणि या तिन्ही वेळा घाईत उरकल्या जातात. हे खरे की नाही ते तपासायचे तर आधी नख काय आहे आणि ट्यूबमध्ये काय आहे, हे दोन्ही समजून घ्यावे लागेल.

१. नखाला श्वास लागत नाही

बोटाच्या टोकाला जो कडक पापुद्रा दिसतो तो मृत पेशींचा असतो. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशी एकमेकींवर घट्ट बसून जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा थर तयार होतो. जिवंत काम चालते ते नखाच्या मुळाशी, त्वचेच्या आत दडलेल्या भागात. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि जुन्यांना पुढे ढकलतात. त्या भागाला लागणारा प्राणवायू रक्तातून येतो, बाहेरच्या हवेतून नाही. त्यामुळे "नखांना मधूनमधून श्वास घेऊ द्यावा" हा सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असला तरी त्याला आधार नाही. मधे विश्रांती द्यावी, पण ती वेगळ्या कारणासाठी: नखाची खरी अवस्था उघडी दिसावी आणि झिजलेला भाग वाढून पुढे जावा म्हणून.

मृत थर स्वतःला दुरुस्त करत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्वचेवर ओरखडा उठला तर तो भरून येतो. नखावर कानस चालवून उडवलेला थर परत येत नाही, तो भाग पुढे सरकून कापला जाईपर्यंत तसाच राहतो. हाताचे नख महिन्याला सरासरी ३ मिलिमीटर वाढते. मुळाजवळ झालेली इजा टोकापर्यंत पोचायला सुमारे १२ ते १५ मिलिमीटरचा प्रवास करावा लागतो, म्हणजे चार-पाच महिने, कधी सहा. पायाच्या नखांची वाढ याच्या निम्म्याने, म्हणून तिथे वर्ष-दीड वर्ष. मे महिन्यातल्या लग्नासाठी घाईने घासलेले नख गणपती होऊन गेले, दसरा आला तरी पुरते सावरलेले नसते.

नखाची आणखी एक सवय ध्यानात ठेवावी. ते पाणी चटकन शोषते आणि चटकन सोडते. भिजले की किंचित फुगते आणि पसरते, वाळले की आक्रसते. पार्लरमध्ये मॅनिक्युअरच्या सुरुवातीला कोमट साबणपाण्यात हात बुडवून ठेवतात, ते साध्या नेलपॉलिशला चालते. पॉलिजेलच्या आधी हा प्रकार नको. फुगलेल्या नखावर कडक थर बसवला आणि मग खालचे नख आक्रसले, तर दोघांमधली पकड तिथेच सैल होते.

२. ट्यूबमध्ये काय असते

कृत्रिम नखांचा उगम दंतवैद्यकात आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याने दातांसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक नखांकडे वळवले. ॲक्रिलिकच्या पद्धतीत पूड आणि उग्र वासाचा द्रव एकत्र करतात आणि ते मिश्रण हवेतच काही मिनिटांत घट्ट होते, म्हणून हात फार झपाट्याने चालावा लागतो. नंतर जेल आले. ते दिव्याखाली धरेपर्यंत मऊ राहते, पण पातळ असल्याने ओघळते. पॉलिजेल या दोघांच्या मधले आहे. जेलमध्ये बारीक पूड आधीच मिसळून केलेला घट्टसर लगदा ट्यूबमध्ये भरलेला असतो. ते ओघळत नाही, वास कमी, आणि दिवा लावेपर्यंत आकार देत बसायला वेळ मिळतो. गेलिश या ब्रँडने आणलेले हे व्यापारी नाव आता सगळ्याच कंपन्यांच्या अशा मालाला चिकटले आहे. काही जणी याला ॲक्रिजेलही म्हणतात.

या लगद्यात ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट कुळातले लहान-मोठे रेणू सुटे सुटे असतात. सोबत प्रकाश पडताच जागे होणारे एक द्रव्य असते. दिव्याचा प्रकाश त्यावर पडला की ते फुटते, शेजारच्या रेणूंना एकमेकांत गुंफायला लावते आणि पाहता पाहता सुट्या रेणूंचे एक जाळे बनते. हे जाळे म्हणजेच कडक नख. नेलपॉलिश वाळते तेव्हा त्यातला द्रव उडून जातो. येथे काही उडून जात नाही, जे होते त्याचाच दुसरा पदार्थ बनतो. म्हणून पॉलिजेल "वाळले" असे म्हणणे दिशाभूल करणारे आहे. खरा प्रश्न असा की किती रेणू गुंफले गेले आणि किती मोकळे राहिले. मोकळे राहिलेले रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, बोटालाही कळत नाहीत, आणि त्वचेचा सगळा त्रास त्यांच्यापासूनच सुरू होतो.

३. त्वचेला लागले तर

जाळ्यात अडकलेला रेणू निरुपद्रवी असतो. सुटा लहान रेणू मात्र त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरू शकतो. शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला परका म्हणून ओळखून ठेवते. ही ओळख बिनबोभाट होते. पहिल्यांदा, दहाव्यांदा काहीच जाणवत नाही. मग एखाद्या वेळी नखांभोवती खाज सुटते, बोटांची टोके लाल होऊन भेगाळतात, नख त्याच्या खालच्या त्वचेपासून, म्हणजे गादीपासून, सुटू लागते. कधी बोटांऐवजी पापण्याच सुजतात, कारण दिवसभर हात चेहऱ्याला लागत असतात आणि पापणीची त्वचा सगळ्यांत नाजूक. एकदा अशी ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. तिची झळ नखांपुरतीही राहत नाही. याच कुळातली द्रव्ये दातांत भरायच्या सिमेंटमध्ये, सांधा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये, मधुमेहींच्या दंडावर चिकटवायच्या साखरमापक यंत्रांच्या गोंदात असू शकतात. विशीत हौसेने जडवून घेतलेली ॲलर्जी साठीत दवाखान्यात आडवी येऊ शकते.

हे भय वाढवून सांगितलेले नाही. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञसंस्थेने २०१२ साठी "वर्षातला ॲलर्जीकारक" म्हणून ॲक्रिलेटची निवड केली होती. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला आणि त्यात घरी वापरायच्या किटचा वेगळा उल्लेख केला. तिथल्या त्वचारोग विभागांत तपासलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्क्यांना या कुळातल्या किमान एका द्रव्याची ॲलर्जी आढळली होती. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम करून हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट, ज्याला संक्षेपाने "हेमा" म्हणतात, ते असलेली नखांची उत्पादने फक्त व्यावसायिकांनी वापरावीत, असे ठरवले. २०२१ पासून तिथे तशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. प्रकाशाने जागे होणाऱ्या द्रव्यांपैकी टीपीओ हे एक. त्यावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत पूर्ण बंदी घातली. टीपीओच्या बंदीमागचे कारण ॲलर्जीचे नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून प्रजननाला घातक, असे त्याचे वर्गीकरण झाले म्हणून ती आली.

यावर कोणी म्हणेल, इतक्या जणी लावतात, कुठे काय होते? आक्षेप अगदीच पोकळ नाही. २.४ टक्के हा आकडा त्वचेची तक्रार घेऊन आलेल्यांचा आहे, सगळ्या स्त्रियांचा नाही. सर्वसामान्य धोका त्याहून कमी धरायला हरकत नाही. पण जे एकदा झाले की परत फिरत नाही, त्याचा हिशेब नुसत्या टक्केवारीने करू नये. शिवाय येथे टाळण्याचा उपाय स्वस्त आहे: कच्चे पॉलिजेल त्वचेला लागू द्यायचे नाही, आणि लागलेच तर दिव्याखाली जाण्याआधी पुसायचे. दुसरा आक्षेप वेष्टनावर छापलेला असतो, "हेमा-मुक्त". हेमा नसलेले घेणे चांगलेच. पण त्याच्या जागी त्याच कुळातला दुसरा रेणू असतो, आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. "हेमा-मुक्त" वाचून हात सैल सोडला तर फायदा तिथेच संपतो.

४. तयारी: घासायचे किती

पॉलिजेल नखाला धरते ते स्वच्छ, कोरड्या, तेलाचा अंश नसलेल्या पृष्ठभागावर. तयारीचा सगळा अर्थ एवढाच. जुने पॉलिश काढून हात साबणाने धुवावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि थोडा वेळ थांबावे. मग क्युटिकल पुशरने नखाच्या मुळाशी चिकटलेला पांढुरका मृत पापुद्रा हलक्या हाताने मागे सारून खरवडून काढावा. हा पापुद्रा राहिला तर पॉलिजेल नखावर न बसता त्याच्यावर बसते आणि तो सुटला की सोबत सुटते. चौथ्या दिवशी मुळापाशी उचकटणाऱ्या बहुतेक नखांचे कारण हेच. त्वचेची जिवंत कड मात्र कापायची नाही. ती मुळाचे दार बंद ठेवते. ते उघडले की नखुरडे होण्याची वाट मोकळी होते.

त्यानंतर बफर. घरी सगळ्यांत जास्त नुकसान येथे होते, आणि ते पकड चांगली बसावी या भाबड्या समजुतीपोटी होते. घासून नख खरखरीत करायचे नसते, फक्त वरची नैसर्गिक चमक घालवायची असते. १८० किंवा त्याहून बारीक दाण्याची फाइल, एका दिशेने दोन-चार हलके हात, पुरे. प्रकाशात धरल्यावर नख सगळीकडे सारखे मंद दिसले की थांबावे. घासताना ऊब जाणवली किंवा गुलाबी छटा गडद दिसू लागली तर नख पातळ होत आहे. विजेवर फिरणारी नखांची ड्रिल मशीन नवशिक्या हाताने आपल्या नैसर्गिक नखावर अजिबात चालवू नये. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने नख पुसावे, किटमध्ये असेल तर प्राइमर लावावा, आणि त्यानंतर बोटाने नखाला स्पर्श करू नये. बोटाचे तेलही पकड बिघडवते.

५. फॉर्म बसवतानाचा अर्धा मिनिट

घरच्यासाठी ड्युअल फॉर्मची पद्धत सर्वांत सोपी आहे. हा पारदर्शक प्लास्टिकचा नखाच्या आकाराचा साचा असतो. आधी प्रत्येक बोटाचे माप ठरवून फॉर्म ओळीने मांडून ठेवावेत. साचा दोन्ही कडांपर्यंत पोचला पाहिजे, पण बाजूच्या त्वचेवर चढता कामा नये. दोन मापांत अडले तर मोठे घेऊन कडेने घासावे. नखांवर पातळ बेस कोट देऊन दिव्याखाली घट्ट करावा. फॉर्ममध्ये लहान वाटाण्याएवढे पॉलिजेल घेऊन, स्लिप सोल्युशनने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने ते थापावे. स्लिप सोल्युशन म्हणजे बहुधा अल्कोहोलच. ब्रशला लगदा चिकटू नये एवढेच त्याचे काम. ते निथळते वापरले तर घट्ट झालेला थर कमकुवत होतो. मुळाकडच्या बाजूला थर अगदी पातळ, मध्यावर जाड आणि टोकाकडे पुन्हा पातळ ठेवावा.

आता जे घडते ते सावकाश पाहण्यासारखे आहे. फॉर्मची मुळाकडची कड नखावर तिरकी टेकवायची, त्वचेपासून केसभर अंतर राखून, आणि हळूहळू टोकाकडे खाली दाबत आणायचे, म्हणजे हवेचे बुडबुडे पुढे निघून जातात. दाब पडला की जादा लगदा मुळाशी आणि दोन्ही बाजूंच्या खाचांत बाहेर येतो. नवखी व्यक्ती या क्षणी घाबरते आणि फॉर्म हलण्याच्या भीतीने हात तसाच दिव्यात सारते. मग तो जादा लगदा त्वचेवरच कडक होतो, तिथे कायमची फट राहते, आणि कच्चे द्रव्य त्वचेला लागते ते वेगळेच. करायचे ते असे: फॉर्म दोन्ही बाजूंनी धरून स्थिर ठेवावा, ब्रशचे टोक किंवा लाकडी काडी कडेने फिरवून आलेला प्रत्येक कण काढावा, बोट तिरके करून बाजूंनी आणि खालूनही पाहावे, आणि त्वचा पूर्ण मोकळी दिसल्यावरच बोट दिव्यात न्यावे. पॉलिजेल हवेत घट्ट होत नाही, त्यामुळे घाई करायला कारणच नसते. हा अर्धा मिनिट जिला जमला तिला पॉलिजेल जमले. तो जमेपर्यंत प्लास्टिकच्या तयार नखांवर सराव करावा, स्वतःच्या बोटांवर नाही.

लांबीबद्दलही येथेच सांगायला हवे. नखाचा मोकळा भाग तरफेसारखे काम करतो. ६ मिलिमीटर पुढे आलेल्या नखाच्या टोकाला दाराची कडी लागली तर गादीवर जितका ताण येतो, त्याच्या दुप्पट १२ मिलिमीटरच्या नखावर येतो. पॉलिजेल स्वतः मोडत नाही, ते खालचे नख गादीपासून उचलते. पहिल्या वेळी मोकळा भाग गादीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त ठेवू नये.

६. दिवा: वॅट नव्हे, जुळणी

लगदा पुरता घट्ट होणे तीन गोष्टींवर अवलंबून असते: दिव्याचा प्रकाश कोणत्या जातीचा आहे, तो किती वेळ पडला आणि थर किती जाड आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॅट लिहिलेले असतात, पण तो आकडा दिवा किती वीज खातो याच्याशी जोडलेला असतो. नखापर्यंत किती प्रकाश पोचतो, हे त्यातून कळत नाही. खरी जुळणी तरंगलांबीची आहे. नखांचे दिवे बहुधा ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात, आणि ट्यूबमधले द्रव्य ज्या प्रकाशाने जागे होते तोच प्रकाश मिळायला हवा. ही जुळणी घरी तपासता येत नाही. म्हणून ज्या कंपनीची ट्यूब तिचाच दिवा, हा नियम महाग वाटला तरी सोडू नये. किटसोबत येणाऱ्या बोटभर आकाराच्या टॉर्चवजा दिव्यावर फॉर्म जागेवर धरण्यापुरतेच विसंबावे.

जाडीचे गणित भाकरीने समजेल. जाड थापलेली भाकरी वरून छान डाग पडलेली दिसते आणि मोडली तर आत पीठ कच्चे असते. पॉलिजेलचा जाड थरही वरच्या बाजूने प्रकाश पिऊन टाकतो. खाली, नखाला लागून असलेला भाग अर्धवट राहतो, आणि नेमका तोच भाग तीन आठवडे नखाला चिकटून असतो. गडद आणि दाट रंगांत प्रकाश आणखी कमी शिरतो. म्हणून थर मध्यम ठेवावा, आधी वरून घट्ट करावा, मग हात उलटा करून खालून. फॉर्म काढल्यावर पुन्हा एकदा पूर्ण वेळ द्यावा. अंगठा चार बोटांसोबत घातला तर तो तिरका पडतो आणि त्याच्या एका बाजूला प्रकाश कमी मिळतो. दोन्ही अंगठे वेगळे घट्ट करावेत. रेणू गुंफले जाताना उष्णता निघते, त्यामुळे दिव्यात क्षणभर चटका बसू शकतो. थर जाड असेल किंवा नख आधीच जास्त घासलेले असेल तर चटका तीव्र. हात लगेच बाहेर काढावा, थोडे थांबून पुन्हा घालावा. सहन करत बसणे धोक्याचे, त्याने गादी भाजते. टॉप कोटनंतर वर उरणारा चिकटपणा हा दोष नव्हे: हवेतला प्राणवायू वरच्या थरातली गुंफण अडवतो. पण त्यात सुटे रेणू असतात, म्हणून तो अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावा आणि बोळा बोटांना न लावता लगेच टाकून द्यावा.

या दिव्यांनी कर्करोग होतो का, हा प्रश्न जानेवारी २०२३ नंतर वारंवार विचारला जातो. अमेरिकेतल्या सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या आणि उंदराच्या पेशी अशा दिव्याखाली सलग २० मिनिटे ठेवल्यावर २० ते ३० टक्के पेशी मेल्या. २० मिनिटांच्या तीन फेऱ्यांनंतर ६५ ते ७० टक्के. उरलेल्या पेशींच्या डीएनएमध्ये बदल दिसले. हा पुरावा गंभीर आहे, पण बशीतल्या उघड्या पेशी आणि वरच्या थरांनी झाकलेली जिवंत त्वचा एक नव्हे, आणि माणसांमध्ये कर्करोग वाढल्याचे या अभ्यासाने दाखवलेले नाही. तेव्हा घाबरून सोडून द्यावे असे नाही, आणि दुर्लक्ष करावे असेही नाही. वेळ कमी करावा. हिशेब सोपा आहे. बेस कोट १ मिनिट, मग पाच बोटांना एकेक करून वरून-खालून २ मिनिटे म्हणजे १०, टॉप कोट १: एका हाताला १२ मिनिटे झाली. त्याऐवजी प्रत्येक बोटाचा फॉर्म १५ सेकंदांत नुसता जागेवर धरून घेतला आणि मग पूर्ण वेळ चार बोटांना एकत्र आणि अंगठ्याला वेगळा दिला, तर १ + सव्वा + २ + २ + १, म्हणजे सव्वासात मिनिटांत काम होते. वर बोटांची टोके कापलेले जाड कापडी मोजे घालावेत. त्वचारोगतज्ज्ञ सनस्क्रीनही सुचवतात, पण घरी मोजेच बरे, कारण क्रीम नखावर आले की पकड जाते. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशाला त्वचा हळवी करणारी औषधे चालू असतील तर तेवढे दिवस हा बेत पुढे ढकलावा.

७. पुढचे तीन आठवडे

रोज रात्री नखाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब चोळावा. जोजोबाचे तेल चांगले, घरचे बदामाचे चालेल. भांडी घासताना रबरी हातमोजे, हा दुसरा नियम, कारण साबण आणि सतत ओलसुकेपणा पकडीला सैल करतो. हळदीतले कुर्क्युमिन टॉप कोटवर पिवळा डाग ठेवते, विशेषतः टॉप कोट अर्धवट घट्ट झाला असेल तर. अल्कोहोलने पुसावे, राहिलेला डाग उन्हात हळूहळू फिका पडतो. कणीक मळताना लांब नखांखाली पीठ अडकते आणि तिथे जंतूंना खाणे मिळते, तेव्हा मोजे घालावेत किंवा नखे आखूड ठेवावीत. रुग्णांची सेवा करणाऱ्यांसाठी तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातस्वच्छतेच्या मार्गदर्शनात कृत्रिम नखे वापरूच नयेत असे म्हटले आहे, आणि तान्ह्या बाळाची किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा घरी करणाऱ्या बाईनेही ते स्वतःला लागू करावे.

तीन आठवड्यांत नख साधारण २ मिलिमीटर पुढे सरकते. मुळाशी मोकळी पट्टी दिसते, ती नुसती दिसण्याची अडचण नाही. पॉलिजेलचा सर्वांत जाड, बळकट भागही २ मिलिमीटर पुढे गेलेला असतो, तोल टोकाकडे झुकतो आणि ताण चुकीच्या जागी पडतो. म्हणून दोन ते तीन आठवड्यांनी भरणी करावी: वरचा थर घासून पातळ करावा, सुटलेली कड पूर्ण घासून काढावी, मोकळ्या पट्टीची तयारी नव्याने करावी आणि तिथे ताजे पॉलिजेल भरावे. नैसर्गिक नख फक्त त्या नव्या पट्टीत घासायचे, बाकी ठिकाणी फाइल पॉलिजेलवरच थांबली पाहिजे.

कड उचकटलेली दिसली तर त्यात गोंद भरू नये. फटीत शिरलेले पाणी आत कोंडले जाते आणि स्यूडोमोनस नावाचा जंतू तिथे वाढून नखावर हिरवट डाग उमटवतो. तो डाग रंगाखाली झाकू नये. पॉलिजेल काढावे, नख कोरडे आणि उघडे ठेवावे, आणि डाग दिसताच डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी विचारून निदान एक बोट मोकळे करावे, कारण प्राणवायू मोजणारा चिमटा नखातून प्रकाश पाठवून काम करतो.

८. काढणे

पॉलिजेल ॲसिटोनमध्ये पुरते विरघळत नाही. हे माहीत नसल्याने अर्धा तास बोटे बुडवून ठेवायची, मग मऊ न झालेला थर कडेने उचकून ओढायचा, असे होते, आणि त्या ओढीत नखाचे वरचे पापुद्रे सोबत निघतात. "पॉलिजेलने नखे पातळ झाली" या तक्रारीतला मोठा वाटा या एका ओढीचा आहे. बरोबर रीत अशी की आधी लांबी कापावी, मग १०० ते १८० दाण्याच्या फाइलने पॉलिजेल वरून घासत आणावे आणि नखावर अगदी पातळ पापुद्रा उरला की थांबावे. तो पापुद्रा आणि बेस कोट ॲसिटोनच्या बोळ्याने सुटत असेल तर सोडवावा, नाही तर नखासोबत वाढून जाऊ द्यावा. उडणारी भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क, उघडी खिडकी आणि नंतर ओल्या फडक्याने पुसणे. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर हे काम नको. ॲसिटोन आणि अल्कोहोल दोन्ही चटकन पेट घेतात. गॅस, निरांजन, उदबत्ती यांपासून लांब बसावे आणि ॲसिटोन कधीही गरम करू नये.

९. मग पार्लरमध्येच का जाऊ नये?

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि युरोपचा नियम त्याच्या बाजूने आहे. शिकलेला हात त्वचेला लगदा लागू देत नाही, म्हणून व्यावसायिकांना एक मुभा आणि घरी वापरणाऱ्यांना नाही, हा विचार मला योग्य वाटतो. पण पार्लरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकीने तसे शिक्षण घेतलेले असतेच असे नाही, आणि विजेच्या ड्रिलने दोन मिनिटांत नख घासून देणारे हात तिथेही असतात. निवड घर की पार्लर अशी नाही. घासण्यात संयम, त्वचा मोकळी, दिवा जुळलेला आणि काढताना ओढ नाही, या चार गोष्टी जिथे पाळल्या जातील ती जागा योग्य. घरी करायचे असेल तर हेमा नसलेले, घटकांची पूर्ण यादी छापलेले किट घ्यावे. भारतात आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आयात नोंदणीचा क्रमांक आणि आयातदाराचे नाव-पत्ता असावा लागतो. ज्या ट्यूबवर यातले काहीच नाही ती स्वस्त मिळाली तरी परत ठेवावी. ज्यांना कधी नेलजेल, दातांचे सिमेंट किंवा पापणीचा गोंद यांनी त्रास झाला आहे, ज्यांच्या बोटांना इसब किंवा नखांना बुरशी आहे, त्यांनी घरीही लावू नये आणि पार्लरमध्येही नाही.

आणि लावल्यानंतर केव्हाही नखांभोवती खाज सुटली, पापणी सुजली किंवा बोटांची टोके भेगाळली, तर कंपनी बदलून पुन्हा प्रयत्न करू नका. त्याच दिवशी थांबा. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ट्यूब, बेस कोट आणि टॉप कोटच्या बाटल्या खोक्यांसकट सोबत न्या, पॅच टेस्टबद्दल विचारा, आणि ॲलर्जी निघाली तर ती तुमच्या दंतवैद्यांनाही सांगून ठेवा.